उद्यमबागेत विमानाचं पॅनल: पत्र्याला दहापैकी नऊ, वायरिंगला सहा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपचं रोजचं काम म्हणजे साखर कारखान्यांचे स्टार्टर पॅनल, हायड्रॉलिक पॉवर पॅकचे कंट्रोल बॉक्स आणि फाउंड्रीतल्या भट्ट्यांचे बोर्ड. घरी बांधल्या जाणाऱ्या विमानाच्या इन्स्ट्रुमेंट पॅनलचं काम त्यांना दोन टप्प्यांत दिलं होतं. पहिला टप्पा पत्र्याचा: कापणं, वाकवणं, रंग आणि अक्षरं. दुसरा वायरिंगचा: कनेक्टरसकट पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींची बांधलेली जुडी. पत्र्याला नऊ गुण, वायरिंगला सहा.

सहा दिले म्हणून वायरमनचा हात वाईट आहे असं समजू नका. हात फार चांगला आहे, पण तो जमिनीला बोल्ट मारलेल्या पेटीत काम करून तयार झालाय. विमानातलं पॅनल इंजिन चालू असेपर्यंत थरथरत राहतं, त्यात प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो, आणि वायर जळाली तर धूर वैमानिकाच्या तोंडासमोर निघतो. त्यामुळे तिथल्या चांगल्या सवयीच इथे चुकीच्या ठरतात. कुठल्या, आणि काम टाकण्याआधी काय सांगायचं, हे नीट कळावं म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी काम काय होतं ते. दोन आसनी विमान, १४ व्होल्टची सिस्टिम. पॅनल ९६० बाय २६० मिलिमीटर, १.६ मिलिमीटर जाडीच्या ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. मधोमध दहा इंची स्क्रीन, डावीकडे हवेच्या वेगाचं आणि उंचीचं अशी ३ १/८ इंची दोन गोल यंत्रं, त्यांच्याखाली सव्वादोन इंची जी-मीटर (विमानावर येणारा जी-भार दाखवणारं यंत्र), उजवीकडे रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख पाठवणारं यंत्र) आणि इंटरकॉम. खालच्या पट्टीत चौदा स्विच आणि बारा ब्रेकर.

पत्र्यापासून सुरुवात. काउंटरवर 'अॅल्युमिनियम १.६' एवढंच सांगितलं तर मऊ व्यापारी पत्रा मिळतो, तो पॅनलला चालत नाही, यंत्रांच्या वजनाने झोळ येतो. ग्रेड (६०६१) आणि टेंपर, म्हणजे कडकपणाची खूण (टी६), दोन्ही लिहून द्या आणि मालासोबतचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. इथे ते मागितल्यावर मिळतं, कपाळाला आठी न पाडता. २०२४-टी३ हा पत्रा जास्त ताकदीचा, पण तो लेसरवर कापू नका. उष्णतेने कडेला बारीक तडे जाऊ शकतात आणि थरथरीत तेच वाढत जातात. २०२४ वापरायचाच असेल तर राउटरवर किंवा वॉटरजेटवर कापून घ्या. ६०६१ लेसरवर नीट येतो.

फाइल देताना एक गोष्ट पक्की करा. डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये माप इंचात आहे की मिलिमीटरमध्ये हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असलं तरी मशीनचं सॉफ्टवेअर ते वाचेलच असं नाही. चूक झाली तर २५.४ पटींची होते, म्हणजे ती लगेच दिसते. धोका वेगळाच असतो: सगळं मिलिमीटरमध्ये काढलेलं, पण एखाद्या यंत्राचा कटआउट त्याच्या मॅन्युअलमधून इंचात आणून अंदाजाने बसवलेला. म्हणून फाइलमध्ये एका कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि आधी ३ मिलिमीटर एमडीएफवर एक नमुना कापून घ्या. त्या नमुन्यात यंत्रं घरी बसवून बघा. मागे यंत्राच्या खोलीखेरीज कनेक्टर व वायरचं वळण यांसाठी किमान ७५ मिलिमीटर जागा मोकळी हवी, नाहीतर वायर कनेक्टरच्या तोंडाशीच काटकोनात मोडतात.

मापं अशी. ३ १/८ इंची यंत्राचं भोक नाममात्र ७९.४ मिलिमीटर, त्याच्या चार स्क्रूंचं वर्तुळ ८८.९ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शेजारच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ६२.९. सव्वादोन इंचीचं भोक ५७.२, स्क्रूंचं वर्तुळ ६६.७, शेजारचं अंतर ४७.१. रेडिओची रुंदी ६.२५ इंच असते, पण कटआउट त्याच्या ट्रेच्या ड्रॉइंगवरूनच काढा. लेसरची फट ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते, ती ऑपरेटर स्वतः वजा करतो. मात्र पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे भोक दोन्ही बाजूंनी मिळून ०.२ मिलिमीटरपर्यंत लहान होतं. हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे सुटे भाग बनायला लागल्यापासून या भागातल्या फिटरांना अशा गोष्टी अंगवळणी पडल्या असाव्यात.

कडांचं काम बघण्यासारखं आहे. लेसरने कापलेल्या अॅल्युमिनियमच्या खालच्या बाजूला वितळून थिजलेला बर राहतो, बोट फिरवलं तर कापतं. इथे प्रत्येक भोकाला आधी अर्धगोल कानस, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर, आणि स्क्रूच्या भोकांना हाताने फिरवायचा काउंटरसिंक. चौकोनी कटआउटच्या आतल्या कोपऱ्यांना ३ मिलिमीटरची गोलाई ड्रॉइंगमध्येच दिली होती, ती तशीच आली आहे. धारदार कोपरा ठेवला असता तर तडा तिथूनच सुरू झाला असता.

दहातला जो एक गुण कापला तो वाकवण्याचा. पॅनलच्या खालच्या कडेला २० मिलिमीटरची पट्टी आत वळवायची होती. त्यांच्या प्रेस ब्रेकवर एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्याची डाय लावलेली असते, तिची आतली गोलाई जेमतेम १ मिलिमीटर. ६०६१-टी६ तिच्यावर वाकवला की वळणाच्या बाहेरच्या बाजूला संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो आणि नंतर चीर जाते. पहिला पत्रा असाच फुकट गेला, त्यांनी तो स्वखर्चाने बदलून दिला. १.६ मिलिमीटरच्या पत्र्याला किमान ५ मिलिमीटर आतली गोलाई हवी, आणि वळणाची रेघ पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला आडवी हवी. ड्रॉइंगवर दोन्ही लिहा. लेसर आणि प्रेसवरची पोरं कन्नड बोलणारी आहेत, वायरमन मराठी. सूचना दोन्ही भाषांत लिहून दिल्या तर मालक नसतानाही काम अडत नाही.

रंग मॅट राखाडी घ्या. चकचकीत काळ्यात काचेवरचं ऊन उलटून डोळ्यांत जातं. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यामुळे विमानाचा भार घेणारा कुठलाही भाग त्यात टाकू नका. फक्त यंत्रं धरणाऱ्या पत्र्याला ते चालतं. अक्षरं लेसरने कोरली की आतला अॅल्युमिनियम उघडा पडतो आणि ती पांढरी दिसतात, स्वच्छ येतात. अर्थिंगच्या जागा झाकून कोटिंग करायला सांगितलं होतं, तेही नीट झालं.

आता स्क्रू. ही बारीक गोष्ट आहे, पण यात महागडं यंत्र खराब होतं. विमानातल्या गोल यंत्रांना ६-३२ या इंची मापाच्या आट्यांचे स्क्रू लागतात. व्यास साडेतीन मिलिमीटर. आपल्याकडे घरातल्या स्विचबोर्डाला येणारा एम ३.५ स्क्रूही साडेतीनचाच. दोन्ही डोळ्यांना सारखे. पण ६-३२ च्या आट्यांमधलं अंतर ०.७९ मिलिमीटर आणि एम ३.५ चं ०.६. तो दोन आटे सहज जातो, मग जड लागतो, आणि स्क्रूड्रायव्हरवर जोर दिला की यंत्राचे आटे कातरले जातात. डी-सब, म्हणजे डी आकाराच्या तोंडाचा अनेक पिनांचा कनेक्टर, त्याच्या दोन बाजूंच्या स्क्रूंचंही तेच: ते ४-४० असतात, एम ३ नव्हे. वर्कशॉपच्या डब्यात फक्त मेट्रिक स्क्रू आहेत, रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांतही तेच मिळतात. इंची स्क्रू यंत्रांसोबतच मागवा, चाळीसएक जास्तीचे, आणि वेगळ्या डबीत घालून वर लेबल चिकटवूनच वर्कशॉपमध्ये न्या. चुंबकीय होकायंत्राजवळचे स्क्रू पितळेचे घ्या.

वायरिंगकडे वळू.

वर्कशॉपची नेहमीची वायर म्हणजे पीव्हीसीची, ०.५, ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटर. ती विमानाच्या पॅनलमध्ये नको. पीव्हीसी जळलं की त्यातून निघणारा धूर आम्लधर्मी आणि गुदमरवणारा असतो, आणि कॉकपिटमध्ये तो जायला जागा नसते. एम२२७५९/१६ या प्रतीची वायर आणा: कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा, वर टेफझेलचं आवरण, १५० अंशांपर्यंत चालणारी. बावीस गेजच्या (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) या वायरचा बाहेरचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटर, ०.५ च्या पीव्हीसी वायरपेक्षा खूपच बारीक. सदतीस पिनांच्या कनेक्टरच्या टोपणातून सदतीस पीव्हीसी वायरी बाहेर काढायचा प्रयत्न केला की फरक लगेच कळतो. या वायरचं आवरण साध्या पकडीने सोललं तर तारा कापल्या जातात. थर्मल स्ट्रिपर किंवा त्याच मापाच्या पात्यांचा स्ट्रिपर हवा. हे हत्यार वर्कशॉपकडे नाही, तुम्हाला न्यावं लागेल.

गेज ठरवताना ब्रेकर वायरला वाचवतो, यंत्राला नाही, हे लक्षात ठेवा. बावीस गेजला ५ अँपिअर, विसाला साडेसात, अठराला १०, सोळाला १५ अँपिअरचा ब्रेकर, ही नेहमीची सांगड. पण ती पुरेशी नाही. १४ व्होल्टच्या सिस्टिममध्ये सतत चालणाऱ्या यंत्राला वायरमधली घट अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवायची असते. बावीस गेजच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ५३ मिलिओहम. लाकडी किंवा फायबरच्या विमानात ३ मीटर लांबच्या दिव्याला जाणारी ३ आणि परतीची ३, अशी ६ मीटर वायर झाली आणि दिवा २ अँपिअर घेत असेल तर घट ०.६४ व्होल्ट. ब्रेकर बरोबर, वायर मात्र बारीक. वीस गेजमध्ये हीच घट ०.३९ वर येते. वर्कशॉपला लोड आणि लांबी दोन्हींचा तक्ता करून द्या, नाहीतर ते सगळीकडे एकच माप वापरतात आणि तेही हात सैल सोडून जाड. जाड वायर म्हणजे वजन.

वायरिंगचे सगळ्यात जास्त गुण गेले ते टोकांवर. कंट्रोल पॅनलमध्ये वायरच्या टोकाला कथील लावून ते टर्मिनलमध्ये आवळायची पद्धत आहे, आणि वायरमन मामांची ती इतक्या वर्षांची आहे की सांगूनही हात तिकडेच जातो. कथील तारांमधून वर चढतं आणि आवरणाच्या आत कुठेतरी संपतं. जिथे संपतं तिथे वायर एका बाजूने ताठ, दुसऱ्या बाजूने लवचिक होते, आणि थरथरीत नेमकी तिथे तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय कथील लावलेलं टोक क्रिंप केलं, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवलं, तर दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत जोड ढिला होतो. आमच्या हार्नेसमधल्या अकरा टोकांना असं कथील लावलेलं सापडलं. सगळी कापून नवीन करावी लागली.

डी-सब कनेक्टरसाठी वळवलेल्या पट्टीच्या नव्हे तर लेथवर घडवलेल्या पिना घ्या: सॉकेट एम३९०२९/६३-३६८, पिन एम३९०२९/६४-३६९. या पिनांना एम२२५२०/२-०१ प्रतीचा क्रिंपर लागतो, पिनेप्रमाणे बदलायच्या पोझिशनरसकट. तो महाग आहे. तीन-चार जणांत मिळून घ्या किंवा भाड्याने आणा, पण वर्कशॉपच्या लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबायच्या पकडीने या पिना दाबू देऊ नका. ती पकड पिनेला दोन बाजूंनी चपटी करते. चपटी पिन कनेक्टरच्या भोकात सरळ बसत नाही, थोडी बाहेर राहते, आणि पुढचा कनेक्टर लावला की मागे सरकते.

चांगला क्रिंप कसा दिसतो ते भिंगाखाली बघून घ्या. पिनेच्या नळीवर चारही बाजूंनी ठसे, एकमेकांसमोर, सारख्या खोलीचे. ठशांच्या पुढे बाजूला एक बारीक तपासणीचं छिद्र असतं, त्यात तांब्याच्या तारा चमकताना दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर वायर आत पूर्ण गेलेली नाही. नळीचं तोंड आणि आवरण यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर अंतर, त्याहून जास्त उघडी तार नको. एक जरी तार नळीच्या बाहेर डोकावत असेल तर पिन फेकून द्यायची, कापून परत वापरायची नाही. आवरण सुमारे ४ मिलिमीटर सोललं की हे माप बरोबर येतं. मग ओढून बघा. बावीस गेजच्या क्रिंपने १२ पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा ताण सहन केला पाहिजे. सामान मोजायच्या हुकच्या काट्याला वायर बांधून दहा नमुने ओढा. पहिल्या दिवशीच्या दहांपैकी तीन सुटल्या. सेटिंग एक घर बदलल्यावर एकही सुटली नाही. ही चाचणी वर्कशॉपने मनापासून उचलली, नंतर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मामा स्वतः पाच नमुने ओढून बघत होते.

कनेक्टरचा आरसा ही दुसरी जागा. मॅन्युअलमधलं चित्र कधी कनेक्टरच्या तोंडाकडून काढलेलं असतं, कधी वायरींच्या बाजूने. एकाच्या जागी दुसरं धरलं की पंचवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन १ च्या जागी पिन १३ येते, आणि सगळी ओळ उलटी भरली जाते. कनेक्टरच्या प्लास्टिकवर पिनेशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. चित्र नव्हे, ते आकडे वाचून भरायचं. वर्कशॉपमध्ये उजेड चांगला आहे, पण भिंग नव्हतं. भिंगाचा दिवा टेबलावर ठेवला तेव्हापासून एकही पिन चुकली नाही.

अर्थिंगबद्दल त्यांच्याशी सगळ्यात जास्त वाद झाला. कंट्रोल पॅनलमध्ये पेटीच्या पत्र्याला जिथे जमेल तिथे अर्थ जोडतात, ते तिथे सुरक्षिततेचं आहे. विमानात असं केलं की वेगवेगळ्या जागचे अर्थ एकमेकांपासून काही मिलिव्होल्ट वर-खाली राहतात, ती तफावत इंटरकॉममध्ये शिरते आणि हेडफोनमध्ये अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी. सगळ्या परतीच्या वायरी एकाच जागी आणा: फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर) पितळेची एक पट्टी, तिच्यावर पाव इंची टॅबची रांग, आणि तिथून बॅटरीपर्यंत एक जाड केबल. हेडसेटचे जॅक पॅनलच्या पत्र्याला लागता कामा नयेत. त्यांच्याभोवती खांद्याचे इन्सुलेटिंग वॉशर बसवायचे आणि भोक त्या वॉशरच्या मापाचं ठेवायचं, हे पत्र्याच्या ड्रॉइंगमध्येच यायला हवं. मायक्रोफोनच्या शील्ड वायरची जाळी फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडा, जॅककडचं टोक कापून वर हीट श्रिंक चढवा. दोन्हीकडे जोडली की पुन्हा तीच शिट्टी. इथे चार जॅकपैकी दोनांना दोन्हीकडे जोडलेली सापडली.

एका बोल्टवर चारपेक्षा जास्त लग चढवू नका. त्यांनी सहा चढवले होते.

अँटेनाच्या केबलबाबत आधीच सावध करतो. बेळगावात बीएनसी कनेक्टर हवा म्हटलं की सीसीटीव्हीचा मिळतो. तो ७५ ओहमचा. विमानाचा रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर ५० ओहमचे. कनेक्टर वरवर एकमेकांत बसतात, पण ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवतो, तिथे हा फरक महागात पडतो. केबल आरजी-४०० घ्या, दुहेरी जाळीची. तिच्या कनेक्टरला षटकोनी डाय ५.४१ मिलिमीटरची लागते. सीसीटीव्हीवाल्याच्या पकडीत ६.४८ ची असते, तिने दाबलेला कनेक्टर हाताने ओढला तरी निघून येतो.

पिटो आणि स्टॅटिकच्या नळ्या, म्हणजे वेग आणि उंचीच्या यंत्रांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या नळ्या, हा भाग वर्कशॉपकडे नव्हता, पण त्यांनी आपणहून मदत देऊ केली, कारण न्यूमॅटिक नळ्या आणि फिटिंग त्यांच्याकडे ढीगभर आहेत. इथे नम्रपणे नाही म्हणा. त्यांची नळी ६ मिलिमीटरची, विमानाची पाव इंची, म्हणजे ६.३५. सहाची नळी पाव इंची फिटिंगमध्ये शिरते आणि बसल्यासारखी वाटते, पण गळते. कॉम्प्रेसरच्या दाबाला ती गळती ऐकू येते, स्टॅटिकच्या दाबाला येत नाही. तपासायची पद्धत अशी: स्टॅटिकच्या भोकाला इंजेक्शनची सिरिंज लावून अगदी हळू हवा ओढायची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, तेव्हा उंचीमापक साडेतीन हजारांपर्यंत चढवायचा, नळी बंद करायची आणि घड्याळ लावायचं. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त घसरता कामा नये. सिरिंज सोडतानाही हळू. तोंडाने ओढायचं किंवा फुंकायचं नाही, यंत्राच्या आतली पातळ डबी त्या झटक्याने वाकते.

आता एक गोष्ट, जी विसरलात तर बाकी सगळं वाया जाईल. काम पूर्ण झाल्यावर हे वर्कशॉप प्रत्येक पॅनलवर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतं. ती त्यांच्या दर्जाची खूण आहे आणि साखर कारखान्याच्या पॅनलला ती हवीच. विमानाच्या पॅनलवर यंत्रं जोडलेली असताना मेगर लावला तर स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर सगळं एका क्षणात जळेल. यंत्रं वर्कशॉपमध्ये नेऊच नका. हार्नेस रिकामा बनवून घ्या, कटआउटसाठी एमडीएफच्या नमुन्यावरून काम करा, आणि ऑर्डरच्या कागदावर 'मेगर लावू नये' हे ठळक लिहा.

रिकाम्या हार्नेसची तपासणी अशी करा. आधी मल्टिमीटरचा बझर लावून प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्याच वेळी तिच्या शेजारच्या पिनांशी ती लागत नाही ना तेही. मग १३.८ व्होल्टचा बेंच सप्लाय, विजेची मर्यादा २ अँपिअरवर बांधून. सगळे ब्रेकर ओढलेले. एक आत ढकला, त्याच्या कनेक्टरवर ज्या पिनेवर व्होल्ट यायला हवेत तिथेच येतात ना आणि इतर कुठल्याही पिनेवर येत नाहीत ना, ते बघा. बारा ब्रेकर म्हणजे बारा वेळा. आमच्या हार्नेसमध्ये या तपासणीत एकच चूक निघाली, पॅनलच्या दिव्यांचा डिमर उलटा जोडला होता. यंत्रं त्यानंतर, एकेक करून.

बांधणी सुंदर आहे. वायरींच्या जुड्या समांतर, एकही वायर दुसरीला ओलांडत नाही. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना छापील हीट श्रिंकचं लेबल आहे. प्लास्टिकचे टाय मात्र त्यांनी पकडीने कापले होते आणि कापलेली टोकं ब्लेडसारखी धारदार राहिली होती. पॅनलमागे हात घातला की मनगट रक्ताळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते टोक शेजारच्या जुडीवर घासत राहतं. टायऐवजी मेणाचा दोरा सांगितला तर मामा तोही बांधून देतात, गाठ एकदा दाखवावी लागते. सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलशी ज्यांचा संबंध आला आहे अशा हवाईदलाच्या निवृत्त फिटरची ओळख असेल तर तासभर वर्कशॉपमध्ये घेऊन जा. ती गाठ आणि जुडीला रबरी गादीच्या क्लॅम्पने कुठे धरायचं हे तो हातात दोरा घेऊन दाखवेल, लिहून समजत नाही. पॅनल पुढे ओढून काढता यावं म्हणून जुडीत एक हातभर सैल वळण ठेवायलाही सांगा. हे आम्ही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी जुडी मापात कापली. आता मागचा कनेक्टर काढायचा तर पॅनल चार बोटंच पुढे येतं.

दराबद्दल: पत्र्याचं बिल कापलेल्या लांबीवर आणि भोकांच्या संख्येवर, कोटिंगचं क्षेत्रफळावर, वायरिंगचं टोकांवर. टोकामागे दर असल्यामुळे घाईचं प्रलोभन असतं. ओढ-चाचणी आणि बझर-तपासणीची वेळ वेगळी धरून दर ठरवा, त्यांनी लगेच मान्य केलं.

काम कधी टाकायचं हेही महत्त्वाचं. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर, चिकोडी, अथणी, गोकाककडच्या दुरुस्तीची पॅनलं इथे रांगेत उभी असतात आणि मामा रात्रीपर्यंत स्टार्टरांत गुंतलेले असतात. त्या दिवसांत लेसरवर पत्रा मिळेल, पण हार्नेस दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. डिसेंबर ते मे या काळात जा, आणि वायरिंग मामांनीच करायचं हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या. हार्नेस पावसाळ्यात घरी पडून राहणार असेल तर कनेक्टरची तोंडं टोपणांनी बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. खानापूरच्या बाजूला राहत असाल तर पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाका.